व्याजदर विचारू नका, मूळ शोधा

आपल्यापैकी बहुतेक इंजिनिअरांनी न्यूटन-रॅफसनची पद्धत आयुष्यात दोनदा वापरलेली असते. एकदा प्रिलिमला आणि एकदा फायनलला. "दिलेल्या समीकरणाचे वास्तव मूळ चार दशांश स्थळांपर्यंत अचूक काढा", गुण सहा. कॅल्क्युलेटर दाबून आपण ते काढलं, सहापैकी पाच मिळवले आणि पेपर संपल्यावर कॉलेज रोडला जाऊन मिसळ खाल्ली. त्या मुळाचं पुढे काय झालं, ते कशाचं मूळ होतं, कुणाला हवं होतं, हे आपण विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही.

आज माझा मुद्दा एवढाच आहे, आणि जरा तावातावाने मांडणार आहे, आधीच सांगतो. नोकरी लागल्यापासून तुम्ही जितक्या कागदांवर सह्या केल्या असतील, म्हणजे बाईक, मोबाईल, विमा पॉलिसी, फ्लॅट, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदात एक बहुपदी समीकरण लपलेलं होतं. त्याचं वास्तव मूळ म्हणजेच तुम्हाला पडलेला खरा व्याजदर. समोरच्याने ते मूळ सोडून बाकी सगळं सांगितलं. आणि ते काढण्याची पद्धत ज्यांना फी भरून शिकवली गेली होती, ते आपण माना डोलावून सही करून आलो.

चला, उदाहरणच घेऊ. मोबाईलच्या दुकानात पाटी असते : "तीस हजारांचा फोन, शून्य टक्के, फक्त तीन हप्ते". महिन्याला दहा हजार, तीन महिने. तीन गुणिले दहा, तीस. व्याज कुठे आहे? कुठेच नाही. मग तुम्ही सहज विचारता, रोख घेतला तर? "रोख असेल तर सत्तावीसला देतो साहेब."

झालं. फोनची किंमत सत्तावीस हजार आहे. तीस हजार हा आकडा पाटीवर रंगवलेला आहे. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला आज सत्तावीस हजार उधार दिले आणि तुम्ही ते १०,००० च्या तीन हप्त्यांत फेडणार. पहिला हप्ता एक महिन्याने.

आता महिन्याभराने मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत क्ष धरा. दोन महिन्यांनी मिळणाऱ्या रुपयाची किंमत क्ष वर्ग, तीन महिन्यांनी मिळणाऱ्याची क्ष घन. तिन्ही हप्त्यांची आजची किंमत मिळून सत्तावीस हजार व्हायला हवी. दोन्ही बाजूंना दहा हजाराने भागलं की :

क्ष घन + क्ष वर्ग + क्ष − २.७ = ०

बघा, मोबाईलच्या दुकानात त्रिघाती समीकरण! मूळ काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, जो परीक्षेत कुणी विचारत नाही : मुळं किती आहेत? देकार्तचा चिन्हांचा नियम आठवतोय का? सहगुणकांची चिन्हं ओळीने वाचायची : अधिक, अधिक, अधिक, वजा. चिन्ह एकदाच बदललं, म्हणजे धन मूळ बरोबर एकच. दोन नाहीत, शून्य नाही. कर्ज आधी मिळतं आणि हप्ते नंतर जातात, त्यामुळे कुठल्याही साध्या कर्जाच्या समीकरणात चिन्ह एकदाच बदलतं. थोडक्यात, प्रत्येक कर्जाला एकच खरा दर असतो. "ते तुम्ही कसं मोजता त्यावर आहे सर" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आता मूळ. क्ष = १ म्हणजे आजचा आणि उद्याचा रुपया सारखाच, म्हणजे शून्य टक्के व्याज. दुकानदाराचा दावा हाच आहे ना? मग सुरुवात तिथूनच करू. डावी बाजू येते ०.३. शून्य यायला हवं होतं, आलं नाही, म्हणजे दावा खोटा. आता न्यूटन-रॅफसन : या बिंदूला उतार किती ते बघा (३ क्ष वर्ग + २ क्ष + १, म्हणजे ६) आणि ०.३ ला ६ ने भागून तेवढं मागे या. आलो ०.९५ वर. पुन्हा तेच : डावी बाजू ०.००९८७५, उतार ५.६०७५, नवीन क्ष ०.९४८२४. तिसऱ्या वेळी ०.९४८२३७, आणि पुढे आकडा हलत नाही. तीन पायऱ्या. फोनचा कॅल्क्युलेटर पुरला. (नवा फोन घ्यायच्या आधी जुन्यावर करा.)

१ भागिले ०.९४८२३७ म्हणजे १.०५४६. महिन्याला ५.४६ टक्के! बाराने गुणलं तर वर्षाला साडेपासष्ट टक्के, चक्रवाढीने धरलं तर ८९ टक्क्यांच्या आसपास. शून्य टक्क्यांची पाटी होती ती.

इथे हमखास एक जण म्हणतो, "अरे पण तीनच हजार तर जास्त गेले! एवढं काय त्यात?" बरोबर आहे, तीनच हजार गेले. पण ते सत्तावीस हजारांवर गेले, आणि ते सत्तावीस हजारही पूर्ण तीन महिने तुमच्याकडे नव्हते. पहिल्या महिन्यातच दहा परत गेले. "किती रुपये गेले" आणि "किती दराने गेले" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सांगतं की खिशाला झेपेल का. दुसऱ्याचं सांगतं की तेच पैसे दुसरीकडून स्वस्तात मिळाले असते का. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागतात म्हणून बोंबलणारा माणूस इथे ५.४६ टक्क्यांनी हसत हसत सही करतो, कारण दुसरा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही.

आता बाईक. "फ्लॅट रेट" हा शब्द ऐकला असेलच. एक लाखाचं कर्ज, दहा टक्के फ्लॅट, तीन वर्षं. हिशोब कसा? दरवर्षी दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार, एकूण १,३०,०००, भागिले ३६, हप्ता ३,६११ रुपये. चौथीतल्या पोरालाही कळेल इतका सरळ. तिथेच तर गोम आहे. व्याज पूर्ण एक लाखावर तीन वर्षं लावलंय, आणि तुम्ही तर मुद्दल दर महिन्याला परत करताय. त्यांच्याच हिशोबाने शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे २,७७८ रुपये उरलेले असतात, आणि त्या महिन्याचं व्याज म्हणून तुम्ही ८३३ रुपये देता. सावकार बरा म्हणायची पाळी!

याचं समीकरण छत्तीस घाताचं. क्ष पासून क्ष च्या छत्तिसाव्या घातापर्यंत सगळ्यांची बेरीज २७.६९ बरोबर. घाबरू नका, चिन्ह इथेही एकदाच बदलतं. मूळ काढलं की महिन्याला १.४९३ टक्के येतात, म्हणजे वर्षाला १७.९ टक्के, चक्रवाढीने साडेएकोणीस. सेल्समनने दहा सांगितले होते. बँकेचं रिड्यूसिंग बॅलन्सवरचं कर्ज चौदा टक्क्यांनी मिळत असेल तर ते या "दहा"पेक्षा बरंच स्वस्त. पण शोरूममध्ये उभा असलेला माणूस दहा आणि चौदा यांची तुलना करतो, दहा निवडतो, आणि घरी जाऊन सांगतो की मी घासाघीस केली.

तिसरं उदाहरण जरा नाजूक आहे, कारण ते नातेवाईक घेऊन येतात. "वर्षाला फक्त पन्नास हजार भर, वीस वर्षं. दहा लाख भरशील, वीस लाख मिळतील. दुप्पट!" चहाचा कप हातात, आई शेजारी बसलेली, नाही कसं म्हणणार? पण समीकरण मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. इथे क्ष म्हणजे एका रुपयाचे वर्षाने होणारे पैसे धरा. पहिला हप्ता वीस वर्षं वाढेल, शेवटचा एकच वर्षं. क्ष पासून क्ष च्या विसाव्या घातापर्यंतची बेरीज चाळीस बरोबर (वीस लाख भागिले पन्नास हजार). मूळ : १.०६२. म्हणजे ६.२ टक्के. एप्रिल २०२० मध्ये पीपीएफचा दर कमी करून ७.१ वर आणला तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला होता. त्या ७.१ पेक्षाही हे कमी. पॉलिसीत विम्याचं संरक्षण असतं, त्याची काही किंमत धरायला हवी, हे मान्य. पण मग ती किंमत वेगळी सांगा, नुसत्या टर्म विम्याचा हप्ता शेजारी लिहा, मग बघू. "दुप्पट" हा शब्द कशाचंच उत्तर नाही. किती काळात, आणि पैसे कधी कधी भरून, हे सांगितल्याशिवाय दुप्पट म्हणजे नुसता आवाज.

आता जरा कॉलेजकडे वळतो, कारण माझा खरा राग तिकडे आहे. सेल्समन विकणारच, त्याचं ते कामच आहे. पण चार वर्षं गणित शिकवून ज्यांनी आपल्याला पदवी दिली, त्यांनी काय केलं?

आपल्याला वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ करायला लावलं. नववी-दहावीपासून डोक्यात इतकं घट्ट बसवलं की समीकरण म्हटलं की सूत्र हवं, आणि सूत्र नसेल तर आपल्याला येत नाही. पण पाचव्या घातापासून पुढे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि मुळं वापरून सरसकट चालणारं सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल नावाच्या पोराने १८२४ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा तो बाविशीत होता. म्हणजे तुमच्या छत्तीस हप्त्यांच्या कर्जाचा दर काढायचं सूत्र कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. टप्प्याटप्प्याने जवळ जाणं हाच रस्ता आहे. अंदाज करा, चूक मोजा, सुधारा, पुन्हा करा. ज्याला "न्यूमेरिकल मेथड्स" म्हणून शेवटच्या युनिटमध्ये ढकललं जातं आणि "ऑप्शनला टाका" म्हणून सांगितलं जातं, ते खऱ्या जगातलं मुख्य गणित आहे. सूत्राने सुटणारी समीकरणं हा अपवाद.

हे काही बाहेरून आलेलं शहाणपणही नाही. नाशिक रोडहून भुसावळकडे जाणारी गाडी धरलीत तर मनमाडच्या पुढे चाळीसगाव लागतं. तिथून जवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा, भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. या आजोबांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' लिहिलं. त्यात त्यांनी एक चतुर्घाती समीकरण दिलंय. आपल्या भाषेत : क्ष चा चौथा घात, त्यातून क्ष वर्गाची दुप्पट आणि क्ष ची चारशे पट वजा केली की ९,९९९ उरतात. उत्तर ११. (करून बघा : १४,६४१ वजा २४२ वजा ४,४००.) ते त्यांनी युक्तीने सोडवलं, आणि वर्गाच्या पुढच्या अशा समीकरणांना ठरीव नियम नाही, गणकाने स्वतःच्या बुद्धीने मूळ काढावं, असंही सांगून ठेवलं. साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हे शिकवत होते. आपल्या पेपरात मात्र बुद्धी वापरायला जागाच नसते, तक्ता भरायचा असतो.

त्याच ग्रंथात वानरांचं एक उदाहरण आहे, ते तर प्रत्येक एमबीएवाल्याला वाचायला लावलं पाहिजे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा, तेवढी वानरं गुहेत गेली. एक झाडावर दिसतंय. कळप केवढा? वर्गसमीकरणाची दोन मुळं येतात, ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण पाच धरलं तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन वानरं. भास्कराचार्य म्हणतात, हे दुसरं मूळ घ्यायचं नाही, उणे संख्या इथे लोकांना पटत नाही. समीकरण सुटलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, मुळाला अर्थ आहे का ते बघावं लागतं. हे त्यांना कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, "एवढं कशाला? एक्सेल आहे की! आयआरआर टाकलं, एंटर मारलं, संपलं." वापरा ना, जरूर वापरा. मीही वापरतो, हाताने छत्तीस घाताचं समीकरण सोडवण्याची हौस मलाही नाही. पण आतमध्ये तेच यंत्र चालतं : अंदाज करा, सुधारा, पुन्हा करा. तुम्ही अंदाज दिला नाहीत तर ते दहा टक्के धरून सुरुवात करतं. आणि जे यंत्र अंदाजावर चालतं ते फसूही शकतं, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात एक्सेल म्हणजे लायसन्स नसलेल्याच्या हातात स्कूटर.

साधं उदाहरण. क्ष घन − २ क्ष + २ = ०. सुरुवात शून्यापासून करा. न्यूटन-रॅफसनची पहिली पायरी तुम्हाला १ वर नेते. दुसरी पायरी परत शून्यावर. तिसरी १ वर. सीबीएस ते पंचवटी बस नुसती फेऱ्या मारतेय, मूळ मात्र कुठेतरी उणे पावणेदोनच्या पलीकडे बसलंय. यावर उपाय आहे, आणि तो सगळ्यात गावठी पद्धतीचा आहे : द्विभाजन. एक जागा शोधा जिथे बहुपदीची किंमत उणे आहे, एक जिथे ती अधिक आहे. मूळ मध्ये कुठेतरी असणारच. मधोमध जा, चिन्ह बघा, चुकीची अर्धी बाजू फेकून द्या. दहा वेळा केलंत की अंतर हजाराव्या भागापेक्षा कमी उरतं. हळू आहे, पण कधीच फसत नाही. चांगल्या लायब्रऱ्या दोन्ही मिसळून वापरतात : दोन्ही बाजूंनी पकडून ठेवायचं आणि जमेल तिथे वेगाने जायचं.

दुसरं उदाहरण पैशाचं. समजा एका व्यवहारात आज एक लाख घातले. वर्षाने २,३०,००० आले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी १,३२,००० पदरचे भरावे लागले. परतावा किती? चिन्हं बघा : वजा, अधिक, वजा. दोनदा बदललं, म्हणजे धन मुळं दोन असू शकतात. आहेतच दोन : १.१ आणि १.२. दहा टक्के हेही बरोबर, वीस टक्के हेही बरोबर! एक्सेल तुम्हाला यातलं एकच दाखवेल, सुरुवातीचा अंदाज बदललात तर दुसरं दाखवू शकेल, आणि दुसरं मूळ अस्तित्वात आहे हे तोंडातून काढणार नाही. तिकडे खिशाचं बघा : गेले २,३२,०००, आले २,३०,०००. दोन हजार गेले आणि वर "वीस टक्के परतावा"! वानरांची गोष्ट आठवली का? हा दर बाजूला ठेवायचा असतो. एक्सआयआरआर तर कधी कधी मूळ सापडलंच नाही तरी शून्याच्या अगदी जवळचा एक निरर्थक आकडा देऊन मोकळं होतं. सेलमध्ये ०.०० टक्के दिसतं आणि लोक समजतात परतावा शून्य आला.

आणि ज्यांना वाटतं की बहुपदी म्हणजे सहगुणक, सहगुणक मिळाले की बाकी कॉम्प्युटर बघेल, त्यांच्यासाठी विल्किन्सनची बहुपदी. १ ते २० ही वीस मुळं असलेली, म्हणजे दिसायला अगदी सज्जन. गुणाकार करून सोडवली की क्ष च्या एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१० येतो. त्यातून ८४ लाखांत एक भाग इतकी क्षुल्लक रक्कम वजा करा. वीसपैकी दहा वास्तव मुळं नाहीशी होऊन संमिश्र होतात! कॉम्प्युटरच्या राउंडिंगला एवढं निमित्त पुरतं. कर्जाच्या समीकरणांत हा धोका नाही, सुदैवाने ती सरळमार्गी असतात. पण उद्या कामात दुसरी कुठली बहुपदी आली आणि लायब्ररीने दिलेलं उत्तर तुम्ही डोळे मिटून पुढे ढकललंत, तर तो दोष लायब्ररीचा नाही. आलेलं मूळ परत समीकरणात घालून बघायला एक ओळ कोड लागतो.

अशा गोष्टींना "फार वरचं गणित" म्हणणाऱ्यांना मी देवळालीचं नाव सांगतो. द. रा. कापरेकर, जन्म १९०५, आपल्या देवळालीतल्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तर. कॉम्प्युटर नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलंत तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि मग हलत नाही. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. पुन्हा पुन्हा तीच क्रिया, आणि कुठे जाऊन थांबतं ते बघणं! न्यूटन-रॅफसनचा आत्मा हाच आहे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं. वही-पेन्सिलवर ज्या गावात हे झालं, त्या गावातल्या इंजिनिअरला स्वतःच्या बाईकचा व्याजदर सांगता येऊ नये, याची मला लाज वाटते.

शेवटचा आक्षेप : "आता रिझर्व्ह बँकेने नियम केलेत, आपण कशाला डोकं लावायचं?" नियम केलेत, आणि चांगले केलेत. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. तर पाटी बदलली आणि "नो कॉस्ट ईएमआय" झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यावं लागतं आणि त्यात सगळी फी धरून वार्षिक दर, एपीआर, लिहावा लागतो. हा एपीआर म्हणजे दुसरं काही नाही, आपल्याच बहुपदीचं मूळ. म्हणजे सरकारी कागदावरही शेवटी मूळच आलं! तो कागद मागून घ्या, वाचा. पण रोख घेतल्यावर मिळाली असती ती सूट त्या कागदावर नसते. काकांची पॉलिसी त्यावर नसते. बिल्डरची "आत्ता दहा टक्के, बाकी ताब्याच्या वेळी" ही योजना नसते. सोसायटीतली भिशी नसते. तिथे तुम्ही आणि तुमची बहुपदी, दोघंच.

तेव्हा मंडळी, सवय लावायची ती साधी आहे. समोरचा दर सांगायला लागला की थांबवा. म्हणा, दर राहू द्या, मला कुठल्या तारखेला किती पैसे जाणार आणि किती येणार तेवढं लिहून द्या. प्रोसेसिंग फी, विमा, डाऊन पेमेंट, सगळं. रोखीचा भाव वेगळा विचारा. मग चिन्हं किती वेळा बदलतात ते मोजा. एकदाच बदलत असतील तर बिनधास्त एक्सेलला द्या आणि आलेलं उत्तर परत घालून बघा. जास्त वेळा बदलत असतील तर कुठल्याही एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि तारखांसकट आकडे लिहून द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल, तर मूळ काढायचीही गरज नाही, उत्तर मिळालं.

पुढच्या शनिवारपर्यंत गृहपाठ. दहा जणांची भिशी, दरमहा दहा हजार. एकाने पहिल्याच महिन्यात ८५,००० वर बोली लावून उचलली. त्या दिवशीचा स्वतःचा हप्ता वजा जाता हातात ७५,००० आले, आणि पुढचे नऊ महिने त्याला दहा-दहा हजार भरायचे आहेत. (बाकीच्यांत वाटायची रक्कम सध्या बाजूला ठेवा.) त्याला दरमहा किती टक्के पडले? ३.८ च्या आसपास आलं तर तुमचं बरोबर आहे. मग तो आकडा घेऊन भिशीच्या पुढच्या बैठकीला जा आणि बोली कितीची लावायची ते ठरवा.